तिसऱ्याचा लाभ

निकालाचं मागनं सांगते. आधी माघारीच्या दिवसाचं ऐका. निवडणुकीला फॉर्म भरलेल्यांना नाव मागं घ्यायची शेवटची तारीख असते ना, दुपारी तीनपर्यंत, तो दिवस. त्या दिवशी पावणेबाराला माझा सख्खा भाऊ विरेश माझ्या दारात येऊन उभा राहिला. एकोणीस वर्षांनी.

मी चुलीपुढं होते. मी सिद्धेश्वरी, अक्कलकोट रोडच्या आमच्या वस्तीत तीस वर्षं कडक भाकरी करून विकते. हाताला चटके नि तोंडाला धार, दोन्ही धंद्यातनंच आलं. आमचे हे म्हणायचे, "सिद्धू, तुझी भाकरी आन् तुझा शब्द, दोन्ही महिनाभर टिकतंय." आता हे नाहीत. चार वर्षं झाली. मातीला विरेश आला होता, मूठभर माती टाकली आणि कोपऱ्यावरनंच परत गेला. घरात पाय ठेवला नाही.

आणि आता हातात केळीची फणी घेऊन विचारतो, "अक्का, येऊ का?"

"पंचमीला एकदा तरी मुऱ्हाळी आलास का रे विऱ्या?" मी म्हटलं. "आज बरी आठवण झाली!"

आमच्याकडं नागपंचमी म्हणजे लेकीबाळींचा सण. भाऊ मुऱ्हाळी होऊन येतो, बहिणीला माहेरी घेऊन जातो. झोके, ज्वारीच्या लाह्या, शेंगांचे लाडू, नुसता दंगा. आदल्या दिवशी बहिणीनं भावासाठी उपास धरायचा. मी एकोणीस उपास धरले. दर पंचमीला दुपारी तीन-चार वेळा काहीतरी निमित्त काढून दारात यायची, रस्ता बघायची आणि आत जायची. 

विरेश का आला ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. माझ्या अंकितानं अपक्ष म्हणून फॉर्म भरला होता. त्याच जागेला विरेशचा दिग्विजय पक्षाचं तिकीट घेऊन उभा. समोर दुसऱ्या पक्षाचा तगडा गडी. अंकिता निघाली की दिग्विजयचा रस्ता मोकळा, राहिली की दिग्विजयची मतं फुटणार, एवढं साधं गणित.

"पोरीचं नाव काढायला आलायस व्हय?" मी सरळच विचारलं.

"आधी पाणी तर दे," म्हणाला. आत आलाच नाही. उंबऱ्यालगत चौकटीला पाठ लावून खाली बसला. अर्धं दार त्यानंच अडवलं. पाणी प्याला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "भूक लागलीय, अक्का."

तव्यावर मऊ भाकरी टम्म फुगली होती. पण मला राग आला होता, मी ती बाजूला ठेवली आणि डब्यातली कडक काढली. त्याच्या तोंडात खालच्या बाजूला चार दात कमी आहेत ते मला दिसत होतं की. तरी कडकच दिली. वर वाटीत आमटी, बाजूला शेंगाची चटणी. "खा," म्हटलं.

तो हसला. भाकरी मोडून आमटीत भिजत घातली. "दाजी रविवारी अशीच खायचे न्हाय? सांग की त्यांचं काय तरी."

लोणी लावतोय, मी मनात म्हटलं. पण ह्यांचं नाव निघालं की माझी जीभ माझं ऐकत नाही.

हे म्हणजे शरणबसव, माझे मालक. पलटणीत हवालदार. सत्त्याऐंशी साली शांतिसेनेतनं श्रीलंकेत गेले, तिथल्या सरकारचं आणि तमिळ बंडखोरांचं भांडण सोडवायला. जाताना दोन कान घेऊन गेले, येताना एकच घेऊन आले. सुरुंग फुटला आणि डावा कान कायमचा बंद. बरोबरचा नवनाथ, सांगोल्याचा, रोज घरच्या डाळिंबांच्या गोष्टी सांगायचा म्हणे, तो तर आलाच नाही. पुढं पेन्शन घेऊन हे घरी आले, सूतगिरणीत वॉचमन लागले. रविवार तेवढा सुट्टीचा.

त्या रविवारांचं काय सांगू तुम्हाला! सकाळी नऊला विरेश पेपर घेऊन यायचा. मग एकेक करत सगळा ओटा भरायचा. आधी पेपर, मग शेंगा, मग भांडण. जगात कुठंतरी लढाई चालू असायचीच, त्यामुळं विषयाला तोटा नव्हता. दोन हजार तीनला इराकात आपलं सैन्य पाठवायचं की नाही ह्याचा दिल्लीत खल चालला होता, तो आमच्या ओट्यावर पाच रविवार पुरला.

विरेश पाठवायच्या बाजूचा. "दाजी, आपला एवढा मोठा देश. जगात आग लागल्यावर हात बांधून बसायचं का? मग दबदबा कसा ऱ्हाईल?"

"जा की," हे म्हणायचे. "बादली घेऊन जा. बंदूक घेऊन गेलं की आग कुणी लावली तेच इसरतंय माणूस."

"आवो, पण त्यांनीच बोलावल्यावर?"

"आमालाबी बोलावलंच हुतं की रे."

आणि मग ती गोष्ट यायची. पहिल्या आठवड्यात तिथल्या लोकांनी ह्यांना हार घातले. एका म्हातारीनं ओट्यावर बसवून नारळाचं पाणी दिलं. तीन महिन्यांनी त्याच गल्लीतनं गोळ्या आल्या. हे पळताना म्हातारीच्या दारावरनं गेले, ती दारातच उभी होती आणि दुसरीकडं बघत होती. शेवटी ज्या सरकारनं बोलावलं, तेच म्हणालं, आता जावा. "दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ म्हणत्यात न्हवं?" हे शेंगा सोलत म्हणायचे. "साफ खोटं हाय. तिसऱ्याच्या पाठीत दोघांची काठी. नवनाथच्या आईला इचारा जाऊन, काय लाभ झाला ते."

तेवढं बोलणं झालं की सगळे शेंगा फोडायला लागायचे. मग मला राहवायचं नाही. मी आतनं ओरडायची, "झाल्या का लष्कराच्या भाकऱ्या भाजून? हितं घरच्या भाकऱ्या गार व्हायल्यात!" सगळा ओटा हसायचा. आणि हे काय करायचे ठाऊक आहे? माझ्याकडं हळूच डावा कान फिरवायचे.

आता तसले वाद टीव्हीवर होतात. आठ चौकटींत आठ माणसं ओरडतात. पण एकाच्या तरी हातावर दुसरा शेंगा ठेवतो का? आमच्या ओट्यावर भांडून भांडून घसा बसायचा आणि तरी दोघं एकाच ताटात जेवायचे. 

हे सगळं नासलं ते दोन हजार सातच्या महापालिकेला. विरेशला पक्षाचं तिकीट मिळालं. त्या रविवारी तो एकटाच आला, पेपर न घेता. जेवता जेवता म्हणाला, "दाजी, तुमी अपक्ष उभं ऱ्हावा."

ह्यांनी घास खाली ठेवला.

"आयका तरी. मागच्या चाळीत सगळे कानडी बोलणारे, त्यात निम्मे पलटणीतनं आल्याले. ती मतं दर खेपेला समोरच्याला जात्यात. तुमी पलटणीतला माणूस, कानडी गोड बोलताव. तितली दोनशे मतं तुमी घेतली की समोरचा पडला, मी आलो. फकस्त कुणाला कळता कामा न्हाय."

"विरेश," हे म्हणाले, "मी एकदा तिसरा होऊन आलोय. पुरे झालं."

विरेशनं माझ्याकडं बघितलं. आणि मी, जळलं माझं तोंड ते, म्हटलं, "माझा एकुलता एक भाऊ हाय. त्याच्यासाठी एवढं करा की. नाव तर द्यायचंय नुसतं!"

हे माझ्याकडं बघत राहिले. रागानं नाही. म्हातारीच्या दारावरनं जाताना बघितलं असेल तसं, असं मला नंतर वाटलं. मग म्हणाले, "बरं." विरेशनं शब्द घेतला, कुणाला सांगायचं नाही. ह्यांनी दिला.

आणि तिथंच आमची दोघा बहीण-भावंडांची चूक झाली. नाव तर द्यायचंय म्हणे! पलटणीच्या माणसाला नावापुरतं काही करता येतं होय? फॉर्म भरला म्हणजे ड्युटी लागली. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठून दाढी केली, पँटीला कडक इस्त्री केली, सायकल काढली आणि वही घेऊन घरोघर निघाले. "तुमच्या नळाला पाणी किती वाजता येतंय? किती येळ टिकतंय?" लिहून घ्यायचे. आणि ऐकू यावं म्हणून उजवा कान पुढं करून, मान तिरकी करून, बोलणाऱ्याच्या अगदी जवळ वाकायचे. बाया मला नळावर सांगायच्या, "सिद्धाक्का, मतं मागायला लई येत्यात, पर एवढं कान देऊन ऐकणारा माणूस न्हाय बघितला." मी काय सांगणार, दुसरा कान नाही म्हणून? चिन्ह मिळालं कपबशी. लोक चहा पिता पिता ह्यांचं नाव काढायला लागले.

मतदानाला चार दिवस राहिले तेव्हा विरेश धापा टाकत आला. "दाजी, आवरा आता! माझ्याच गल्लीतली मतं तुमच्याकडं चालल्यात!"

"माघारीचा दिवस गेला, विरेश," हे म्हणाले. "आता नाव छापलंय. लोक खरं समजून मत देणार. त्यास्नी मी खोटं पाडू का?"

विरेश त्रेचाळीस मतांनी पडला. ह्यांना सहाशे बारा. त्यातली मागच्या चाळीतली अठ्ठावन्न. बाकीची सगळी विरेशच्या बाजूच्या गल्ल्यांतली. त्या सहाशे बारात माझं मत नव्हतं बरं का. मी आत जाऊन विरेशचं बटण दाबून आले होते. ह्यांनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी विरेश आला तो उंबऱ्याबाहेरच थांबला. मागं सगळी गल्ली. मोठ्यानं म्हणाला, "सख्ख्या मेव्हण्याची मतं खाल्लीसा तुमी, दाजी. ह्या दारात परत पाय ठेवणार न्हाय मी."

मी तोंड उघडलं होतं. सगळं सांगून टाकणार होते, कुणी कुणाला उभं केलं ते. ह्यांनी माझं मनगट धरलं. "गप. शब्द दिलाय. आन् खरं भाईर पडलं तर तुझ्या भावाला वस्तीत कोण इचारणार न्हाय."

तेव्हापासनं ह्यांचं नाव पडलं मतखाऊ हवालदार. नळावर, किराण्याच्या दुकानात, लग्नाच्या पंगतीत. कुणी टोमणा मारला की हे डावा कान तिकडं फिरवायचे. "हा कान असल्या कामाला बरा हाय," म्हणायचे. ओट्यावर रविवारी कुणी येईना. हे एकटेच पेपर मोठ्यानं वाचायचे आणि मग विरेशच्या बाजूनं बोलायचे, "दाजी, एवढा मोठा देश आपला." आणि मग स्वतःच्या बाजूनं उत्तर द्यायचे. शेंगा मात्र दोघांपुरत्या घ्यायचे.

हे सगळं त्या माघारीच्या दिवशी मी विरेशला तोंडावर सुनावलं. भाकऱ्या थापत थापत, एकेक थाप अशी की शेजारणीनं खिडकीतनं डोकावून बघितलं. मतखाऊ शब्दावर त्यानं मान खाली घातली. दोघांपुरत्या शेंगांवर तर त्याचा घास हातातच राहिला. पण उठला नाही. "मग?" म्हणायचा. "अजून एक भाकरी दे," म्हणायचा. मी आणखी एक कडक दिली. त्याचा मोबाईल सारखा थरथरत होता. तो बघायचा आणि उपडा ठेवायचा. कोपऱ्यावर एक पांढरी गाडी आली, थांबली, मागं वळली. थोड्या वेळानं परत आली, परत वळली. दिग्विजयची गाडी मला ओळखू येते. बापाचं काम झालं का बघायला येतोय, मी समजले.

सव्वादोनला अंकितानं मला आत बोलावलं. ही माझी एकुलती एक. नवऱ्यासकट माझ्याजवळच राहते, पोरांच्या शिकवण्या घेते, बापासारखीच कमी बोलते आणि बोलली की संपवते. बापाची ती पाण्याच्या वेळांची वही तिनं जपून ठेवली होती, त्या वहीपायीच तर उभी राहिली.

"आई," म्हणाली, "मामा तोंडानं म्हणत न्हाईत, पण कशाला आल्यात ते कळतंय. तुला मामा परत पायजे असतील तर सांग. रिक्षानं वीस मिनटं लागत्यात. मी सही करून येते."

"आगं, पर तुझं..."

"तुझे उपास मी लहानपणापासनं बघत आलेय."

तुम्हाला खोटं कशाला सांगू? न्याय, तत्त्व, ह्यांच्यावरचा अन्याय, त्या घडीला मला काहीसुद्धा आठवलं नाही. मला झोका दिसला. माहेरच्या लिंबाला बांधलेला. चौसष्ट वय झालं, अजून किती पंचम्या राहिल्यात माझ्या? मी म्हटलं, "चप्पल घाल."

बोलले आणि लगेच त्या रविवारची ह्यांची नजर आठवली. तेव्हा नवऱ्याला म्हटलं होतं, नाव तर द्यायचंय. आता लेकीला सांगत होते, नाव काढून ये. भाऊ तोच, मीही तीच. आठवलं सगळं, पण शब्द मागं घेतला नाही मी. अंकितानं पर्स उचलली.

दारात विरेश बसलेलाच. "मामा, वाट द्या."

"कुटं निघालीस?"

"माघार घ्यायला."

विरेशनं पाय लांब केला आणि समोरच्या चौकटीला टेकवला. सगळं दार अडवलं. माझ्याकडं बघितलं. "अक्का, तू पाठवालीस हिला?"

मग मात्र माझा बांध फुटला. "मग काय करू? त्यासाठीच आलायस न्हवं? घे! एकदा नवरा दिला तुला, आता लेक घे! पर एक पंचमी तरी दे रे मला, मेल्या!" मी रडत होते आणि ओरडतही होते. शेजारीण आता उघडच दारात येऊन उभी होती.

विरेशनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. दोन चाळीस. "बस पोरी खाली," म्हणाला. "तीन वाजेपातूर ह्या घरातनं कुणी हलायचं न्हाय."

मला काही कळेना. "आरं, मग आलास कशाला?"

"राखणीला."



"सकाळपासनं दिग्विजय आन् त्याची चार टाळकी ठरवत हुती. हिच्या पाया कोण पडणार, दम कोण देणार, हिच्या नवऱ्याच्या सायबाला फोन कोण करणार. मी म्हटलं, तुमी थांबा, मी जातो. त्यास्नी वाटलं, बाप समजूत घालाय गेलाय." त्यानं मोबाईल दाखवला. पंचवीस कॉल. "दारात मी बसलो तर बापाला वलांडून आत कोण येतंय? दोनदा कोपऱ्यावरनं गाडी वळवली त्यानं. बघितलीस न्हवं?"

"मग हे तीन तास मला का बोलू दिलंस?"

"तीन तास काढायचे हुते की. न्हायतर तुझी कडक भाकरी कोण खातंय? दाढ हालली माझी." हसत त्यानं गाल दाबून धरला. "आन् ऐकायचंबी हुतं. तुझ्या तोंडानं."

"दिग्विजय पडंल की रे."

"पडंल. मी पडलो तवा मेलो का? दाजींवरचा राग सा महिन्यांत गेला हुता माझा, अक्का. मग लाज वाटाय लागली. आज जाऊ, उद्या जाऊ. लाजेनं एकोणीस वर्सं खाल्ली."

शेजारणीच्या टीव्हीवर तीनची बातमी लागली. विरेश गुडघ्यावर हात टेकून उठला, चप्पल घातली आणि निघाला. केळीची फणी उंबऱ्यावरच राहिली. मी त्याला थांब म्हणायला पाहिजे होतं, पण म्हटलं नाही. कारण खरं सांगू? माझा पुरता विश्वास बसला नव्हता. माघारीच्या दिवशी माणूस बोलून जातो. पोरगा पडल्यावर, गल्लीनं तोंडात शेण घातल्यावर, तेव्हाही हाच विरेश राहील? हे मला बघायचं होतं, आणि बघायची भीतीही वाटत होती.

अंकितानं चिन्ह मागितलं कपबशी, आणि मिळालीही. वही घेऊन तीही दारोदार फिरली. या खेपेला मी मत कुणाला दिलं ते विचारू नका, पण मागची चूक केली नाही एवढं समजा.

आणि निकाल आला तेव्हा शहरात संक्रांतीची गड्ड्याची यात्रा भरलेली. दिग्विजय दोनशे अकरा मतांनी पडला. अंकिताला तेराशे चाळीस. निवडून आला समोरचा. सगळं जसंच्या तसं, आकडे तेवढे मोठे.

संध्याकाळी मी उंबऱ्यात बसले होते. गल्लीत माणसं जमली होती, कुणी हळू बोलत होतं, कुणी मुद्दाम मोठ्यानं. एक जण म्हणाला, "बाप मतखाऊ, लेकबी मतखाऊ. रक्तच हाय." मी पदर खोचून उठणार, एवढ्यात कोपऱ्यावरनं विरेश येताना दिसला. पायी, एकटाच.  तो चालत आला आणि उंबऱ्याबाहेर थांबला. अगदी त्याच जागी, एकोणीस वर्षांपूर्वी थांबला होता तिथं.

मग तो वळला. पाठ माझ्याकडं, तोंड गल्लीकडं.

"आयका सगळे," म्हणाला. "हवालदारांनी माझी मतं खाल्ली न्हवती. मीच त्यास्नी उभं केलतं. समोरच्याची मतं फोडायला. ते नको नको म्हणत हुते, मी गळ घालून उभं केलं आन् डाव माझ्याच अंगावर आला. त्यांनी मरेपातूर माझं झाकलं आन् तुमच्या शिव्या खाल्ल्या. मतखाऊ म्हणायचं असंल तर मला म्हणा. आन् ह्या पोरीला मतं पडली ती तिची हायत. माझ्या पोराची न्हाईत, कुणाच्या बापाची न्हाईत."

 मघाशी रक्ताचं बोलणारा मोबाईल बघायला लागला.

विरेश उंबरा ओलांडून आत आला. भिंतीवर ह्यांचा फोटो आहे, पलटणीतल्या टोपीतला. त्याच्यापुढं जाऊन मांडी घालून बसला, हात जोडले आणि म्हणाला, "दाजी..." 

चार वर्षं उशीर केलास रे विऱ्या. ते असताना आला असतास तर मान तिरकी करून एकेक शब्द ऐकला असता त्यांनी.  पण ओरडायला आज जीभ उचलेना.

"त्या बाजूला नको बसूस," मी म्हटलं. "हिकडं सरक, उजव्या अंगाला. त्या कानानं त्यास्नी ऐकू येत न्हाय."

विरेश सरकला. डोळे पुसले आणि पहिल्यापासनं सगळं परत सांगायला लागला, हळू, एकेक करत. मी चूल पेटवली आणि मऊ भाकरीचं पीठ मळायला घेतलं.